सेसना १५२ चं कॉकपिट : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

काल रात्री भाचीचा फोन आला. फ्लाइंग स्कूलमध्ये जाऊन तिला तीन आठवडे झालेत. विमानात बसण्याआधी, सेसना १५२ या दोन सीटच्या शिकाऊ विमानाचं जे कॉकपिट मी संगणकावर केलंय, त्या मॉडेलवर तिनं चेकलिस्ट पाठ केली होती, आणि तिच्या बॅचमधल्या आणखी दोघांनीही.

"मामा, तुझ्या मॉडेलमध्ये फ्युएल सिलेक्टर आहे ना, लेफ्ट-बोथ-राइटवाला? आमच्या विमानात तो नाहीच. मी 'सिलेक्टर बोथ' म्हणत हात खाली नेला, तर तिथं नुसती ऑन-ऑफची मूठ. इन्स्ट्रक्टर म्हणाले, हे कुठून शिकून आलीस?"

माझ्याकडून शिकून गेली होती. दोन वर्षांपूर्वी मी फ्लाइटगिअर या संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी सेसना १७२ चं कॉकपिट केलं. नंतर त्याच फाइलमधून मागच्या सीट काढल्या, केबिन अरुंद केली आणि १५२ तयार केलं. बाहेरून ते १५२ दिसतं, आत १७२ च्या सवयी तशाच राहिल्या. १७२ मध्ये डावी टाकी, उजवी टाकी की दोन्ही, हे पायलट ठरवतो. १५२ मध्ये ठरवायला काही नाही. दोन्ही पंखांतलं इंधन स्वतःच्या वजनानं खाली येतं, एका शट-ऑफ व्हॉल्व्हमधून जातं, आणि तो व्हॉल्व्ह एक तर उघडा असतो नाहीतर बंद.

रात्रभर हेच डोक्यात होतं. चित्र चुकलं असतं तर एक वेळ ठीक. इथं हात चुकला.

१३ जानेवारी

आतलं सगळं नव्यानं करायचं. जुन्या फाइलमधला एकही भाग तपासल्याशिवाय उचलायचा नाही.

१९ जानेवारी, रविवार

विमानासोबतचं हँडबुक घेऊन बसलो. आजवर त्यातले तक्ते पाहत होतो, पॅनेलचं वर्णन नीट वाचलंच नव्हतं. कुठलं इन्स्ट्रुमेंट कुठं, हे त्यात ओळीनं दिलंय. जायरोवर, म्हणजे वेगानं फिरणाऱ्या चाकावर, चालणारी दोन मोठी इन्स्ट्रुमेंट एकाखाली एक, योकच्या (विमान वळवायच्या हातचाकाच्या) जरा डावीकडे. त्यांच्याही डाव्या अंगाला एअरस्पीड इंडिकेटर, वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर आणि सक्शन गेज. उजवीकडे घड्याळ, उंची दाखवणारा अल्टिमीटर, चढ-उताराचा दर दाखवणारं इन्स्ट्रुमेंट. मध्यावर रेडिओ. इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणारा टॅकोमीटर आणि अ‍ॅमीटर त्याच्याही पलीकडे, पॅनेलच्या उजव्या भागात. इंधनाचे काटे मात्र पायलटच्या योकच्या खाली, खटक्यांच्या पट्टीत.

माझ्या मॉडेलमध्ये टॅकोमीटर डावीकडे योकजवळ होता, कारण १७२ मध्ये मी तो तिथं लावला होता.

वेगाच्या तबकडीवरच्या रंगीत कमानीही तपासल्या. १५२ ची पांढरी ३५ ते ८५ नॉट (ताशी सागरी मैल), हिरवी ४० ते १११, पिवळी १११ ते १४९ आणि लाल रेघ १४९ वर. माझी लाल रेघ १६० वर होती. फ्लॅपच्या (उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या झडपांच्या) पट्टीवर तर ४० अंशांची खूणही सापडली. ती कुठून आली ते आठवायला वेळ लागला. त्या वेळी संदर्भासाठी सेसना १५० चे जुने फोटो वापरले होते. १५० चे फ्लॅप ४० अंशांपर्यंत उतरायचे, १५२ आणताना ते ३० वर आणले. एका पॅनेलवर तीन विमानांचे भाग एकत्र झाले होते, आणि दोन वर्षांत ते माझ्या लक्षातही आलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

हँगरमध्ये जाऊन आलो. फोटोची लेखी परवानगी भाचीनं आधीच काढून ठेवली होती. १०० तासांच्या तपासणीसाठी उभं असलेलं एक १५२ दोन तासांसाठी मिळालं. बॅटरी काढलेली होती, त्यामुळे कशालाही हात लावायला भीती नव्हती.

१५२ चं उत्पादन १९७७ ते १९८५ एवढंच चाललं. म्हणजे आज उडणारं सगळ्यात नवीन १५२ सुद्धा चाळिशीचं आहे, ज्या मुलामुलींना ते शिकवतं त्यांच्या दुप्पट वयाचं. दार उघडल्यावर जुन्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास येतो. तो मॉडेलमध्ये कधी येणार नाही, पण इथं लिहून ठेवतो.

मी भोसरीला टूलरूममध्ये डिझाइनचं काम करतो, त्यामुळे व्हर्निअर आणि स्टीलची पट्टी बरोबर होतीच. पण पहिलं माप त्यांच्याशिवायच मिळालं. विमानातल्या मोठ्या इन्स्ट्रुमेंटचं भोक ठरलेल्या मापाचं असतं, सव्वातीन इंचांना अष्टमांश कमी, म्हणजे ७९.४ मिलिमीटर. फोटोत अशी एक जरी गोल तबकडी सरळ दिसत असेल, तर तिच्यावरून अख्ख्या पॅनेलचं प्रमाण काढता येतं. तरीही व्हर्निअरनं मोजून पाहिलं. बरोबर आलं.

फोटोचा त्रास वेगळा. मोबाइलची लेन्स जवळून सगळं फुगवते, कडेच्या तबकड्या लांबट अंड्यासारख्या येतात. मागं सरकावं तर १५२ मध्ये जागा नाही, दोन माणसं बसली की खांद्याला खांदा लागतो. शेवटी सीट पूर्ण मागं घेतली, पाठ टेकवली आणि झूम दुप्पट करून एकेका तबकडीचा समोरून वेगळा फोटो काढला. प्रत्येक फोटोत पट्टी ठेवली. एकूण १४० फोटो झाले.

तिथले इंजिनिअर सुरुवातीला लांबूनच पाहत होते. मी फ्लॅपचा लिव्हर मोजायला लागलो तेव्हा जवळ आले. म्हणाले, "अहो, तो नुसता वरखाली करू नका, खाच बघा त्याची." त्याबद्दल पुढं लिहितो.

सीटच्या मधल्या जमिनीवरचा फ्युएल व्हॉल्व्ह तेवढा राहिला. त्यावर हत्यारांची ट्रे ठेवलेली होती आणि वेळ संपली.

९ फेब्रुवारी, रविवार

फ्लॅपचा लिव्हर. ही नोंद लांबणार.

पॅनेलमध्ये उभी चीर आहे आणि तिच्यातून लिव्हर बाहेर येतो. त्याची मूठ पांढरी, चपटी, पंखाच्या आकाराची. ० वरून खाली ओढला की १० वर अडतो, आपोआप, धातूवर धातू टेकून. पुढं न्यायचा तर आधी उजवीकडे ढकलायचा, मग खाली. २० वर पुन्हा अडतो, पुन्हा उजवीकडे, मग ३०. चीर सरळ नसून पायऱ्यापायऱ्यांची आहे. आणि चिरेच्या डाव्या अंगाला एक छोटा काटा आहे, तो लिव्हरबरोबर हलत नाही. फ्लॅप प्रत्यक्षात जिथं पोचलेत तिथं तो असतो. लिव्हर एका झटक्यात खाली जातो, मोटर फ्लॅप सावकाश उतरवते, आणि काटा फ्लॅपबरोबर सावकाश सरकतो.

माझ्या जुन्या मॉडेलमध्ये लिव्हर सरळ रेषेत घसरत होता आणि काटा त्याला चिकटलेला होता.

फ्लाइटगिअरमध्ये लिव्हरची जागा आणि फ्लॅपची खरी जागा ही दोन वेगळी मूल्यं असतात. मी दोन्हीकडे पहिलंच वापरलं होतं. आज काटा दुसऱ्या मूल्याला जोडला. लिव्हरला दोन हालचाली दिल्या, एक खाली आणि एक उजवीकडे, आणि एक्सएमएल फाइलमध्ये त्यांचं कोष्टक असं लिहिलं की १० आणि २० ओलांडताना मूठ आधी बाजूला सरकते. एका क्लिकला एकच टप्पा.

एवढा खटाटोप कशासाठी, ते त्या इंजिनिअरनीच सांगितलं होतं. उतरता उतरता पुन्हा उडायची वेळ आली, तर हँडबुक सांगतं की फ्लॅप लगेच २० वर घ्या, मग ५५ नॉटचा वेग धरा आणि उरलेले हळूहळू उचला. घाबरलेला विद्यार्थी लिव्हर एकदम वर सारतो. सगळे फ्लॅप एकदम गेले की विमान खाली बसतं, आणि खाली जमीन असते. नजर बाहेर असताना हाताला २० ची जागा कळायला हवी. माउसला ती खाच कळणार नाही हे खरंच. पण मूठ बाजूला सरकताना डोळ्यांनी दहा वेळा पाहिली, तर खऱ्या विमानात हात तिथं थांबतो. काटा सरकेपर्यंत वाट पाहायची हेही त्यातच येतं.

रात्री अडीच वाजता लिव्हर नीट चालला. झोपण्याआधी वीसेक वेळा वरखाली करून पाहिला.

१२ फेब्रुवारी

वेगाच्या काट्याचं कोष्टक. तबकडीवर ४० ते ५० चं अंतर आणि १३० ते १४० चं अंतर सारखं नाही. फोटोवर दर दहा नॉटला कोन मोजून सगळे आकडे भरले. पूर्वी सुरुवात आणि शेवट देऊन मधलं संगणकावर सोडलं होतं. त्यामुळे ६० नॉटच्या ग्लाइडला, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत उतरताना, काटा ६४ च्या आसपास दिसायचा.

२३ फेब्रुवारी, रविवार

टॅकोमीटरची हिरवी कमान एकसंध नाही, हे फोटो मोठा केल्यावर दिसलं. तिला पायऱ्या आहेत. समुद्रसपाटीला १९०० ते २३५०, ४००० फुटांवर २४५० पर्यंत, ८००० फुटांवर २५५० पर्यंत, आणि लाल रेघही २५५० वरच. उंच गेलं की हवा विरळ होते, इंजिनाकडून तेवढंच काम घ्यायला फेरे जास्त लागतात, म्हणून कमान टप्प्याटप्प्यानं लांबते. एका दीड-दोन मिलिमीटरच्या हिरव्या पट्टीत एवढी माहिती बसवलेली आहे. ज्यानं ही तबकडी आखली त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

माझं टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चिकटवायचं चित्र, एका तबकडीला ५१२ पिक्सेलचं होतं, म्हणजे मिलिमीटरला साडेसहा पिक्सेल. त्यात त्या पायऱ्या विरघळून जातात. फक्त टॅकोमीटर, वेग आणि अल्टिमीटर या तिघांना १०२४ दिले. बाकीच्यांना गरज नाही. सगळ्यांनाच ४०९६ द्यायची हौस मलाही होती, पण भाचीच्या बॅचमधल्या मुलांचे लॅपटॉप साधे आहेत. फ्रेम अडखळायला लागल्या तर या बारकाव्यांचा त्यांना काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट याच तबकडीची. टॅकोमीटर उजवीकडे आणि पायलट डावीकडे बसलेला, म्हणजे तो नेहमी तिरक्या नजरेनं पाहतो. काटा तबकडीपासून काही मिलिमीटर वर असतो, म्हणून डावीकडून पाहताना तो खऱ्या जागेपेक्षा थोडा उजवीकडे दिसतो. माझा काटा तबकडीवर चिकटवल्यासारखा होता. तो ३ मिलिमीटर उचलला, काच त्याच्याही वर ठेवली आणि तबकडी पॅनेलच्या पृष्ठभागाच्या आत ढकलली. बदल इतकाच, पण पहिल्यांदाच पॅनेल चित्र वाटेनासं झालं.

२ मार्च, रविवार

होकायंत्र उलटं होतं. दोन वर्षं.

काचेच्या वाटीत तरंगणारी पट्टी आपण मागच्या बाजूनं पाहतो. विमानाचं नाक उत्तरेला असेल तर एनच्या डावीकडे ३ (म्हणजे ३० अंश) आणि उजवीकडे ३३ (३३० अंश) असायला हवेत. खालच्या जायरोच्या तबकडीवर बरोबर याच्या उलट, तिथं ३ उजवीकडे. नवशिक्या माणूस इथंच फसतो. होकायंत्रात ३ डावीकडे दिसतो म्हणून डावीकडे वळतो, आणि आकडा दूर पळतो. मी पट्टीचं टेक्स्चर जायरोसारखं लावलं होतं आणि फिरण्याची दिशाही उलट करून ठेवली होती. म्हणजे मध्यावरचा आकडा कायम बरोबर यायचा, म्हणून संशय आला नाही. बाजूचे आकडे चुकीचे होते.

दोन्ही उलटवलं. पट्टीला थोडं तरंगणंही दिलं.

९ मार्च, रविवार

अल्टिमीटर. तो हवेच्या दाबावरून उंची दाखवतो, आणि आपल्याकडे टॉवर दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतो. हँगरमधल्या त्या विमानाच्या अल्टिमीटरच्या खिडकीत मात्र पाऱ्याचे इंच होते. त्यामुळे पॅनेलवर एक टंकलेला तक्ता पारदर्शक टेपनं चिकटवलेला आहे : १००६ म्हणजे २९.७१, १००८ म्हणजे २९.७७, १०१३ म्हणजे २९.९१. टेपच्या कडा पिवळ्या पडल्यात आणि एक कोपरा उचलला गेलाय. तो तक्ता जसाच्या तसा मॉडेलमध्ये घेतला, आकडे वाचता येतील एवढा मोठा. इथं शिकणाऱ्या मुलांसाठी तो पॅनेलचाच भाग आहे, परदेशी मॉडेलमध्ये तो कसा असेल?

दहा हजार फुटांच्या खाली दिसणारा पट्ट्यापट्ट्यांचा तुकडाही बसवला. पूर्वी तो नुसता रंगवलेला होता, वर गेलं तरी जात नसे.

१६ मार्च, रविवार

झिजेबद्दल.

जुनं विमान दाखवायचं म्हटलं की बरेच मॉडेल करणारे सगळीकडे सारखी धूळ आणि ओरखडे टाकतात. मीही टाकले होते. फोटो पाहिल्यावर ते सगळे पुसले. खरी झीज हात सांगतो. किल्लीच्या भोकाखाली कीचेन आपटून आपटून अर्धगोल घासलाय, त्याच्या चार बोटं पलीकडचा रंग चाळीस वर्षांनीही नवा वाटतो. थ्रॉटलच्या काळ्या मुठीचा वरचा भाग गुळगुळीत होऊन चमकतो, खालचा अजून खरखरीत आहे. मास्टर स्विचच्या लाल जोडीतला बॅटरीचा अर्धा भाग अल्टरनेटरच्या अर्ध्यापेक्षा फिका झालाय. आणि वेगाच्या तबकडीच्या काचेवर बोटांचे ठसे आहेत. ते पायलटचे नाहीत, उजव्या सीटवरून इन्स्ट्रक्टर हात लांब करून "स्पीड बघ, स्पीड" म्हणत काचेवर बोट आपटतो, त्याचे आहेत. ते मी काचेच्या चकाकीच्या टेक्स्चरमध्ये फिकट उमटवले. उजवीकडून ऊन आलं तरच दिसतात.

२० मार्च

रात्रीचा उजेड. छतावरून लाल दिवा पॅनेलवर पडतो. लाल उजेडात मिक्स्चरची लाल मूठ फिकट दिसते, वेगाची लाल रेघ पांढऱ्यासारखी. टेक्स्चरचे रंग न बदलता दिव्याचा रंग नीट दिला की हे आपोआप येतं. काम तासाभराचं.

३० मार्च, गुढीपाडवा

भाची दोन दिवसांसाठी आली. श्रीखंड-पुरी झाल्यावर तिला लॅपटॉपसमोर बसवलं आणि काही न सांगता चेकलिस्ट म्हणायला लावली. बोट न थांबता फिरत होतं : अ‍ॅमीटर, सक्शन, कार्ब्युरेटर हीट, प्रायमर. फ्लॅपच्या लिव्हरवर थांबली, दोनदा खाली-वर केला आणि हसली. "हा आमचाच आहे."

मग म्हणाली, "पण मामा, तुला पेट्रोलचे काटे इतके सहज कसे दिसतात? मला बसल्या जागी ते दिसतच नाहीत. योक मध्ये येतं, मान खाली घालावी लागते."

नजरेची जागा मी माझ्या उंचीनं ठरवली होती, सीट मागं घेऊन. ती पाच फूट एक इंच आहे, पेडलला पाय पुरावेत म्हणून सीट पुढं घेते आणि पाठीमागं उशी लावते. तिच्या डोळ्यांपासून योक जवळ येतं आणि इंधनाचे दोन्ही काटे त्याच्यामागं जातात. त्यामुळे ते पाहायला ती मुद्दाम वाकते, आणि तिच्या इन्स्ट्रक्टरनं तशी सवयच लावली आहे. माझ्या मॉडेलवर शिकलेल्याला ते न वाकता दिसणार, तो वाकायला शिकणारच नाही.

जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर तिला बसवून, उशी लावून, जमिनीपासून डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजलं. तिची आई म्हणाली, पाडव्याला कसली मापं काढताय. रात्री मॉडेलमध्ये नजरेच्या तीन जागा केल्या : बुटक्या, मध्यम आणि उंच पायलटची. सुरुवातीला उघडते ती मध्यम. वाकून पाहायला एक वेगळं बटण दिलं.

१३ एप्रिल, रविवार

पाट्या. १०४ नॉटच्या मॅन्यूव्हरिंग स्पीडची (याच्या वर कंट्रोल झटक्यात पूर्ण वळवायचे नाहीत), कुठल्या कसरती चालतात त्यांची, आणि त्यांत शिरताना ठेवायच्या वेगाची. सगळ्या हँडबुकवरून शब्द न् शब्द पुन्हा टाइप केल्या. टर्न कोऑर्डिनेटरवरची "नाकाची वर-खाली स्थिती यात दिसत नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळही घेतली, जुन्या मॉडेलमध्ये तिच्या जागी नुसत्या बारीक रेघा होत्या. वाचता न येणारी पाटी ठेवायची नाही, हे ठरवलंय.

११ मे, रविवार

फ्युएल व्हॉल्व्ह शिल्लक होता. ज्या कारणानं हे सगळं सुरू झालं तोच भाग फोटोअभावी चार महिने रिकामा होता. जमिनीवर, दोन सीटच्या मध्ये, अंधारात. अंदाजानं करायचा नाही म्हणून थांबलो होतो.

काल भाचीनं सहा फोटो पाठवले. फ्लाइट संपल्यावर टॉर्च धरून, शेजारी माझ्याच स्टीलच्या पट्टीचा तुकडा ठेवून काढलेले. वरून, दोन्ही बाजूंनी, मूठ ऑनवर असताना आणि ऑफवर असताना. पाटीवर लिहिलंय : फ्युएल, २४.५ गॅलन, ऑन-ऑफ. टाक्यांत २६ गॅलन मावतं, पण दोन्हीकडे तळाचा पाऊण गॅलन वापरता येत नाही, म्हणून २४.५, साधारण ९३ लिटर.

मुठीच्या एका टोकाचा रंग बुटांनी घासून गेलाय, तोही घेतला. दुपारी चारपर्यंत मेश, म्हणजे त्याचा त्रिमितीय आकार, झाली, सहापर्यंत पाटी वाचता यायला लागली. ऑफ केल्यावर इंजिन लगेच बंद पडत नाही, पुढच्या नळीतलं इंधन संपेपर्यंत चालतं, तेही जोडलं आणि तीनदा चालवून पाहिलं.

मग १७२ चा जुना सिलेक्टर फाइलमधून काढून टाकला आणि भाचीला नवीन आवृत्ती पाठवली. तिची उद्या सकाळी सहाला फ्लाइट आहे.